शिकागोत सेंट पॅट्रिक्स डे: हिरवी नदी, परेड आणि संध्याकाळचं बटाट्याचं जेवण

मार्च उजाडला, सेंट पॅट्रिक्स डे हा आयरिश लोकांचा सण जवळ आला, की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: "यंदा नदी कधी रंगवणार?" शिकागोत नवं आलेलं कुणीतरी तो दरवर्षी विचारतं, आणि त्यापाठोपाठ गाडी कुठे लावायची, मुलांना न्यायचं का, शाकाहारी माणसानं काय खायचं हे प्रश्न येतात. गेली काही वर्षं आम्ही दहा-बारा जण हा दिवस एकत्र साजरा करतो. निम्मे मराठी, एक तेलुगू कुटुंब आणि ऑफिसातले दोन आयरिश-अमेरिकन मित्र. त्यातल्या एकाची आई आयर्लंडच्या मेयो परगण्यातली. या दिवसाबद्दल मला जे काही येतं, त्यातलं बरंचसं त्या आजींकडून आलेलं आहे.

इथे नवे आलेले लोक हा दिवस हिरव्या टोप्या आणि बिअर एवढ्यावरच संपवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घर सोडून परमुलखात आलेल्या माणसांनी इथे उभा केलेला हा सण आहे. तो कसा साजरा करायचा हे आपल्याला समजायला वेळ लागत नाही.

आधी थोडं समजून घ्या

हा दिवस ज्याच्या नावाचा, तो आयर्लंडचा संत पॅट्रिक जन्मानं आयरिश नव्हता. पाचव्या शतकातला हा माणूस रोमन ब्रिटनमधला. सोळा वर्षांचा असताना आयरिश लुटारूंनी त्याला पळवून नेलं, सहा वर्षं त्यानं गुलाम म्हणून मेंढरं राखली, मग पळून घरी गेला आणि पुढे धर्मप्रसारासाठी त्याच देशात परतला. 17 मार्च ही त्याची पुण्यतिथी मानतात. शॅमरॉक हे तीन पानांचं रोपटं दाखवून त्यानं ईश्वराचं त्रैत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) समजावलं, आयर्लंडमधून साप घालवले, या दंतकथा नंतरच्या. आयर्लंडमध्ये हिमयुगानंतर साप नव्हतेच.

आयर्लंडमध्ये या दिवशी 1903 पासून सार्वजनिक सुट्टी आहे. पण तिथे तो बराच काळ चर्चमध्ये जाण्याचा शांत दिवस होता, आणि विसाव्या शतकात कित्येक वर्षं तर त्या दिवशी पब बंद ठेवावे लागत. मिरवणुका आणि जल्लोष वाढला तो अमेरिकेत, स्थलांतरितांच्या हातून.

ते इतक्या संख्येनं का आले, हे ठाऊक असावं. 1845 साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. मंचर-जुन्नरच्या बटाटा शेतकऱ्याला जो उशिरा येणारा करपा माहीत आहे, तोच हा रोग. गरीब कुटुंबं जवळजवळ बटाट्यावरच जगत होती आणि बहुतेक शेतांत लंपर हा एकच वाण होता. 1852 पर्यंत सुमारे 10 लाख माणसं मेली आणि 10 लाखांहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळ चालू असताना धान्य आणि गुरं मात्र जहाजांतून इंग्लंडला जात राहिली. आजींच्या घरी ही गोष्ट अजून घरातली म्हणून सांगितली जाते.

शिकागोत आयरिश मजूर त्याच्याही आधी आले. 1836 ते 1848 या काळात इलिनॉय-मिशिगन कालवा खणला गेला, 96 मैलांचा, कुदळ-फावड्यांनी. त्या खणणाऱ्यांत आयरिश मजुरांचा भरणा मोठा होता, आणि कालव्याच्या तोंडाशी ब्रिजपोर्ट ही त्यांची वस्ती उभी राहिली. शहराला अनेक महापौर देणारी ती हीच वस्ती. शनिवारी नदीकाठी उभे राहाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

तारीख पक्की करा

17 मार्च शनिवारी आला तर नदी आणि परेड त्याच दिवशी, नाहीतर त्याच्या आधीच्या शनिवारी. 2025 मध्ये 17 तारीख सोमवारी होती, तर परेड 15 ला झाली. शहराच्या दक्षिण भागातली दुसरी परेड रविवारी असते. इलिनॉयमध्ये 17 मार्चची सुट्टी नसते, त्यामुळे रजा टाकायची गरज नाही. शनिवार-रविवार पुरतो.

फेब्रुवारीच्या शेवटी ग्रुपवर तीन गोष्टी ठरवून टाका: सकाळी कोण येणार, संध्याकाळचं जेवण कुणाकडे, आणि स्वयंपाकात कोण काय आणणार. परेडच्या दिवशी दुपारी बारा माणसांना एखाद्या रेस्टॉरंटमध्ये ऐनवेळी टेबल मिळत नाही. जेवण घरीच ठेवा.

कपडे आणि सामान

मार्चच्या मध्यात इथे दुपारी सात-आठ अंश सेल्सिअस असतं, पण कधी बर्फ पडतो आणि नदीवरचा वारा कायम बोचतो. आत थर्मल, मध्ये स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट, आणि हिरवं काय घालायचं ते सगळ्यात वर. हिरवा मफलर सर्वांत उपयोगी. आमच्यातली एक मैत्रीण हिरवा चुडा भरून येते आणि गर्दीतल्या अनोळखी आयरिश बायका थांबून त्या बांगड्यांबद्दल विचारतात.

केशरी रंग मुख्य रंग म्हणून टाळा. आयर्लंडमध्ये तो प्रोटेस्टंट राजा विल्यम ऑफ ऑरेंजच्या बाजूचा मानला जातो. आयरिश झेंड्यात हिरवा आणि केशरी दोन्ही आहेत, आणि मधला पांढरा त्या दोघांमधल्या शांततेचा. ऑफिसातल्या मित्राच्या घरी भगवा कुर्ता घालून गेलात तर कुणी रागावणार नाही, पण माहिती असलेली बरी.

पाठीवरची पिशवी लहान घ्या, परेडच्या दाराशी ती तपासतात. पाण्याची बाटली, हातमोजे, चार्जर आणि सुका खाऊ. आम्ही चिवडा आणि दशम्या नेतो. थंडीत उभं राहून दशमीइतकं पोटाला धरणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

शहरात कसं पोचायचं

गाडी नेऊ नका. डाउनटाउनचे रस्ते आणि पूल बंद असतात. मेट्रा ही इथली उपनगरी रेल्वे. नेपरव्हिल-ऑरोराकडून बीएनएसएफ मार्गाची आणि शॉमबर्गकडून मिलवॉकी वेस्ट मार्गाची मेट्रा युनियन स्टेशनला येते. पॅलेटाइन-आर्लिंग्टन हाइट्सकडून येणारी गाडी ओगल्व्ही स्टेशनला. त्या शनिवारी गाड्या ठासून भरतात, म्हणून तिकीट आदल्या रात्री फोनवर काढून ठेवा आणि आठच्या सुमारास स्टेशनात उतरा. या वीकेंडला मेट्रामध्ये दारू न्यायला बंदी असते. शहराच्या सीटीए गाड्यांत ती बारा महिने असते.

युनियन स्टेशनच्या दारात नदी दिसते, पण ती दक्षिण शाखा. रंगवतात ती मुख्य शाखा, तिथून मैलभर पुढे. दरवर्षी कुणीतरी स्टेशनाबाहेर थांबून हिरव्या पाण्याची वाट पाहत राहतं. वॅकर ड्राइव्ह धरून उत्तरेकडे आणि मग पूर्वेकडे चालत राहा, गर्दीच तुम्हाला घेऊन जाईल.

वाटेवर येत नाही, पण स्टेशनापासून पश्चिमेला पाच-सात मिनिटांवर ॲडम्स स्ट्रीटवर ओल्ड सेंट पॅट्रिक्स चर्च आहे. 1871 च्या मोठ्या आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ही एक. आतल्या रंगीत काचा जुन्या आयरिश हस्तलिखितांतल्या नक्षीवर बेतलेल्या आहेत. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, फोटो नंतर. दिवसाची सुरुवात तिथे झाली की पुढचा सगळा गोंगाट वेगळा ऐकू येतो.

नदी

रंग सकाळी दहाच्या सुमारास टाकायला सुरुवात होते. हे काम करतात शहराच्या प्लंबर युनियनचे लोक, लोकल 130 या शाखेचे. 1962 पासूनची ही परंपरा एका प्लंबरच्या डागाळलेल्या कपड्यांवरून सुचली. त्या काळी नदीत सांडपाणी कुठून मिसळतंय हे शोधायला प्लंबर पाइपांत रंग सोडत. असाच एकजण हिरवे डाग पडलेला डगला घालून युनियनचे प्रमुख स्टीफन बेली यांच्याकडे आला. बेली परेडही सांभाळत. नदीच हिरवी करता येईल हे त्यांनी तिथेच ओळखलं. पहिल्या वर्षी 100 पौंड रंग ओतला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. पुढे प्रमाण कमी करत आणलं, आणि तेलाधारित रंगावर पर्यावरणाच्या काळजीनं आक्षेप आल्यावर वनस्पतिजन्य पूड वापरायला लागले. तिचं नेमकं मिश्रण अजून गुपित आहे.

मुलांना हे आवर्जून दाखवा: पूड मुळात नारिंगी असते. छोट्या मोटरबोटीतले लोक ती पिठाच्या चाळणीनं पाण्यावर चाळतात, स्वयंपाकघरातल्या चाळणीसारखीच चाळणी असते, आणि मागून दुसरी बोट गोल-गोल फिरून पाणी ढवळते. पाण्याला लागताक्षणी नारिंगीचा झगझगीत हिरवा होतो. पाऊण तासात पात्र रंगून जातं.

उभं कुठे राहायचं? बरेचसे पूल आणि खालचा रिव्हरवॉक सकाळी बंद ठेवतात, आणि कोणते ते दरवर्षी थोडं बदलतं, म्हणून आदल्या दिवशी शहराची सूचना वाचा. माझी पसंती वरच्या वॅकर ड्राइव्हला, कोलंबस ड्राइव्हच्या आसपास. हा दक्षिण काठ. सकाळी ऊन पाठीवर असतं आणि समोर रिग्ली बिल्डिंग आणि ट्रिब्यून टॉवर उजेडात येतात, त्यामुळे फोटोत चेहरे काळे पडत नाहीत. कठड्याला लागून जागा हवी तर साडेआठला तिथे असा.

मात्र लहान मुलं किंवा वयस्क आई-वडील सोबत असतील तर रंग टाकताना पाहायचा हट्ट सोडा, असं मी स्पष्ट सांगेन. कठड्यापाशी पाच-सहा रांगा होतात आणि मुलांना फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते. बारानंतर गर्दी परेडकडे सरकते. दोन-तीनला या, नदी तेवढीच हिरवी असते आणि निवांत बघता येते. शिकागो नदीचा प्रवाह 1900 साली माणसानं उलटा फिरवला, ती आता मिशिगन सरोवराकडून पश्चिमेला वाहते, म्हणून उशीर झाला तर पश्चिमेकडच्या पुलांवरूनही बघा.

एक फार गरजेची गोष्ट: शौचालय. वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं शिकागो कल्चरल सेंटर सर्वांना मोफत खुलं आहे. नदी आणि परेड यांच्या मधोमध ते पडतं. एखाद्या दुकानात विनवणी करत फिरण्यापेक्षा नदीवरून निघाल्यावर थेट तिथे जा, तासभर गरम जागेत बसा, वरचा टिफनी काचेचा घुमट बघा आणि मग परेडला निघा.

परेड

ती साडेबाराच्या आसपास निघते. कोलंबस ड्राइव्हवर दक्षिणेच्या बाल्बो ड्राइव्हपासून उत्तरेला मनरो स्ट्रीटपर्यंत. अलीकडच्या वर्षांत प्रेक्षकांना मिशिगन अव्हेन्यूवरून, जॅक्सन आणि आयडा बी. वेल्स ड्राइव्हच्या बाजूनं आत सोडतात. बकिंगहॅम फाउंटनसमोर मान्यवरांचा मंच असतो आणि तिथे सर्वाधिक रेटारेटी. उत्तरेकडच्या टोकाला बरीच मोकळीक मिळते.

पुढे पाहायला काय असतं? किल्ट, म्हणजे पुरुषांचा घागरा, घातलेली बॅगपाइप पथकं. शॅनन रोव्हर्स हे 1926 पासूनचं पथक हमखास असतं. मग युनियनवाले, अग्निशमन दलाचे जवान, परगण्यांच्या मंडळांचे फलक: मेयो, कॉर्क, केरी, गॉलवे. हे फलक वाचा. आपल्याकडे मुंबईत कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग रहिवासी संघ असतात ना, तसे हे गावकीचे संघ. आजी मेयोचा फलक येईपर्यंत खुर्चीवरून हलत नाहीत, आणि आला की उभ्या राहतात.

आयरिश नाचाच्या शाळांच्या मुली येतात तेव्हा पायांकडे लक्ष द्या. हात अंगालगत, धड स्थिर, सगळा खेळ घोट्याखाली.

मनरोच्या टोकाला उभे राहाल तर पश्चिमेला आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाची मागची बाजू दिसेल. त्याच वास्तूत 1893 साली विवेकानंद बोलले होते. त्यांच्या शिष्या भगिनी निवेदिता म्हणजे मार्गारेट नोबल, आयर्लंडच्या टायरोन परगण्यातल्या डंगॅननच्या. टिळकांनी 1916 साली बेळगावात होमरूल लीग काढली, तेव्हा तो होमरूल शब्दही आयरिश चळवळीतूनच आला होता. आणि पुण्याच्या मंडळींना तर सेंट पॅट्रिक कॅथेड्रल माहीत असतंच. परेड रेंगाळते तेव्हा आम्ही मुलांना या गोष्टी सांगतो.

रस्त्यावर उघड्यानं दारू पिणं शिकागोत बेकायदा आहे. कपात ओतून घेतली तरी पोलिस दंड करतात, आणि व्हिसावर असलेल्या माणसानं ही जोखीम अजिबात घेऊ नये. दारूसाठी वय 21 पूर्ण हवं आणि ओळखपत्र जवळ हवं.

बोलताना

या दिवसाला लाडानं पॅडीज डे म्हणतात. पॅटीज डे म्हणू नका, पॅटी हे बाईचं नाव होतं आणि आयरिश माणसाला ते खटकतं. ग्लास उंचावताना "स्लॉन्चा" म्हणायचं, अर्थ आरोग्य. चहाचा कप उंचावूनही म्हणता येतं.

बारमध्ये आयरिश कार बॉम्ब नावाचं एक पेय विकतात. ते नाव तोंडातून काढू नका. उत्तर आयर्लंडमधल्या बॉम्बस्फोटांत ज्यांची माणसं गेली, त्यांच्यातले काही तुमच्या शेजारच्या टेबलावर असू शकतात. दारुडा आयरिश, लेप्रिकॉन हा आयरिश लोककथांतला बुटका, असल्या चेष्टाही नकोत. आपल्या लोकांबद्दलचे साचेबंद विनोद आपल्याला कसे लागतात ते आठवा.

संध्याकाळचं जेवण

अमेरिकेत या दिवशी घराघरात कॉर्न्ड बीफ आणि कोबी शिजतो. आयर्लंडमध्ये मुळात डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी खात. न्यू यॉर्कमधल्या आयरिश लोकांना शेजारच्या ज्यू खाटकाकडे खारवलेलं बीफ स्वस्त मिळालं, आणि पदार्थ बदलला. म्हणजे तुम्ही बीफ खात नसाल तर आयरिश परंपरेतून काही गळत नाही. आम्ही ते ठेवत नाही, आणि आजींनी कधी त्याची उणीव काढली नाही. बटाटा चांगला झाला नाही तर मात्र त्या बोलून दाखवतात.

दहा-बारा माणसांसाठी आमचा बेत ठरलेला: सोडा ब्रेड, कोलकॅनन, मटणाचा स्ट्यू, लोण्यात परतलेला कोबी, आणि चहा.

स्ट्यू आदल्या रात्रीच करा, मुरला की चांगला लागतो. लँबच्या खांद्याचे दीड किलो तुकडे घ्या. डेव्हन अव्हेन्यूवर बोकडाचं मटण मिळतं, तेही चालतं. पाव किलो कांदे जाड चिरून, तीन-चार गाजरं, थाइमच्या काड्या, मीठ, मिरपूड, पाणी. बटाटे दीड किलो, त्यातले निम्मे रसेट या पिठूळ जातीचे. ते विरघळून रस्सा दाट करतात, त्यामुळे पीठ लावावं लागत नाही. उरलेले घट्ट जातीचे, शेवटच्या अर्ध्या तासात घालायचे, म्हणजे फोडी राहतात. मंद आचेवर दोन तास. बोकडाचं असेल तर आधी मटण कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्यांवर घ्या. आलं-लसूण-गरम मसाला घालायला हात शिवशिवतील, आवरा. या रश्शाची चव मटणाची आणि कांद्याची. वाढताना भरपूर पार्स्ली.

सोडा ब्रेड त्याच दिवशी दुपारी करायचा, दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो. यीस्ट नाही, अंडं नाही, म्हणून आपल्या शाकाहारी मित्रांना बिनधास्त देता येतो. आयर्लंडचा गहू मऊ, त्यात चिवटपणा कमी, यीस्टचा पाव त्याचा नीट फुगत नसे. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आला आणि गरीब घरांतही पाव होऊ लागला. दोन कप मैदा, दोन कप कणीक, एक चमचा सोडा, एक चमचा मीठ, पावणेदोन कप बटरमिल्क. दुकानातलं बटरमिल्क आंबट आणि दाट असतं. आपलं ताक पातळ पडतं, त्यापेक्षा विरजणाचं आंबट दही थोड्या पाण्यात घुसळून घ्या. हा आंबटपणाच सोड्याला फुलवतो.

कोरडं सगळं एकत्र करून मध्ये खळगा करा, बटरमिल्क एकदम ओता आणि बोटं पसरून हलक्या हातानं गोळा करा. कणकेसारखं तिंबू नका. तिंबलंत तर पाव दगड होतो, हे आपल्या हाताला सांगणं सर्वांत अवघड आहे. गोळा जेमतेम एकत्र येईल एवढंच, चिकट राहिला तरी चालेल. दीड-दोन इंच जाड गोल थापा, सुरीनं खोल फुली मारा, म्हणजे मधला भाग शिजतो. ओव्हन आधी 425 फॅरनहाइटला तापवून ठेवलेला हवा, आणि पीठ ओलं झाल्यावर थांबू नका, सोडा लगेच काम सुरू करतो. 35 ते 40 मिनिटं. बाहेर काढून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला की झाला. स्वच्छ पंचात गुंडाळून ठेवा, कवच मऊ राहतं. हे प्रमाण एका पावाचं. बारा जणांना दोन करा.

कोलकॅनन म्हणजे कोबी घातलेला कुस्करलेला बटाटा. दोन किलो बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच सोला आणि लगेच कुस्करा, गार झाले की चिकट होतात. मिक्सर चालवू नका, त्यानंही बटाटा खळीसारखा ताणतो. कोबी किंवा केल बारीक चिरून मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घट्ट पिळून घ्या. दीड कप दूध आणि पातीच्या कांद्याची एक जुडी एकत्र गरम करा, बटाट्यात ओता, कोबी घाला, मीठ, मिरी, आणि लोणी सढळ हातानं. दोनशे ग्रॅम जातं. वाढताना ताटात ढीग करून मध्ये आळं करायचं आणि त्यात वितळलेलं लोणी ओतायचं, आपण भाताला आळं करून वरण ओततो तसं. कडेनं घास घ्यायचा आणि लोण्यात बुडवून खायचा. हे शिकवावं लागत नाही, आपली मुलं आपोआप तसंच खातात.

पिणाऱ्यांसाठी गिनिस ही काळी आयरिश बिअर. पूर्वी ती गाळायला माशाच्या फुग्यातला पदार्थ वापरत, आता वापरत नाहीत, म्हणून शाकाहारी मित्रांनाही चालते. चहा मात्र सर्वांना हवाच. आयरिश लोक चहा आपल्यासारखाच कडक आणि दुधाचा पितात. बॅरीज किंवा लायन्सची पाकिटं मोठ्या किराणा दुकानांत मिळतात. आजींना आमच्याकडचा आल्याचा चहाही आवडतो, पण त्या दिवशी त्यांच्या पद्धतीचाच करतो.

जेवणानंतर जमलं तर संगीत. शिकागो आयरिश संगीताचं मोठं घर आहे, त्याला कारणही तसंच. कॉर्कमध्ये 1848 साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील 1901 ते 1905 या काळात इथले पोलिसप्रमुख होते, आणि स्थलांतरितांच्या तोंडून सुरावटी गोळा करणं हा त्यांचा ध्यास. 1903 मध्ये त्यांनी 1,850 चाली छापल्या, आणि आयर्लंडमध्ये विसरल्या गेलेल्या कितीतरी त्यामुळे वाचल्या. उत्तर-पश्चिमेकडच्या नॉक्स अव्हेन्यूवर आयरिश अमेरिकन हेरिटेज सेंटर आहे. त्या वीकेंडला तिथे गाणी, नाच आणि मुलांसाठी कार्यक्रम असतात. परेड नको वाटणाऱ्या ज्येष्ठांना थेट तिथेच न्या. वादक टेबलाभोवती बसून वाजवत असतील तर त्या गोलातली रिकामी खुर्ची घेऊ नका, ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते. फर्माइशही करू नका. दोन चालींच्या मध्ये टाळ्या वाजवा.

रविवार

ज्यांना गर्दीपेक्षा शेजारपाजाऱ्यांची परेड बघायची आहे, त्यांनी रविवारी साउथ साइडला जावं. मला स्वतःला हीच जास्त आवडते. 1979 मध्ये मॉर्गन पार्कमधल्या 17 मुलांनी एका पुठ्ठ्यानं झाकलेल्या बाबागाडीचा चित्ररथ करून गल्लीत मिरवणूक काढली, त्यातून ही उभी राहिली. ती इतकी फुगली की दारू आणि मारामाऱ्यांमुळे दोन वर्षं बंद ठेवावी लागली. 2012 मध्ये कडक दारूबंदीसह परत सुरू झाली आणि आता पुन्हा कुटुंबांची झाली आहे. वेस्टर्न अव्हेन्यूवर 103 व्या रस्त्यापासून 115 व्यापर्यंत, दुपारी बाराला. लासाल स्ट्रीट स्टेशनातून रॉक आयलंड मार्गाची मेट्रा धरा आणि बेव्हर्लीत 103 व्या रस्त्याच्या थांब्यावर उतरून पश्चिमेला चाला. लोक अंगणात खुर्च्या टाकून बसलेले असतात.

सकाळी निघण्याआधी आदल्या रात्रीचं उरलेलं कोलकॅनन काढा, त्याच्या चपट्या टिक्क्या थापा आणि तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. उरलेल्या सोडा ब्रेडचे काप त्याच तव्यावर शेकून घ्या, तोवर चहा होतो. दोन टिक्क्या फॉइलमध्ये बांधून घ्या. आजी परेडच्या वाटेवर बाराच्या ठोक्याला मुलाच्या अंगणात बसलेल्या असतात, आणि गेल्यावर पहिला प्रश्न त्या टिक्क्यांचाच विचारतात.